जेटीवरच्या बातम्या आणि आपला हिशोब



हंगाम सुरू होऊन दोन महिने झाले. लिलाव संपला, काटे धुवून झाले की चहाच्या टपरीवर गप्पा सुरू होतात. पूर्वी या गप्पा बांगड्याच्या, वाऱ्याच्या आणि कुणाचे जाळे फाटले याच्या असायच्या. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. एक म्हणतो, अमेरिकेने कर लावला, आपली मासळी बुडाली. दुसरा म्हणतो, जीएसटी कमी झाला, आता सगळे स्वस्त. तिसरा सोन्याचा भाव सांगतो, चौथा भारतात चिप बनली म्हणून फोटो दाखवतो, आणि कोपऱ्यात दोन पोरगे कुठलासा चार्ट बघत बसलेले असतात.

गप्पा माराव्यात. दर्यावरून आलेल्या माणसाने चार घटका जगाचे बोलले तर बिघडले कुठे? पण यातली कुठली बातमी आपल्या घरात येते आणि कुठली समोरून निघून जाते हे ओळखता आले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. गेल्या दोन महिन्यांत ज्या बातम्यांवर सगळ्यात जास्त आवाज झाला त्या आपल्या फार थोड्या कामाच्या आहेत. आणि ज्या खऱ्या कामाच्या आहेत त्यांच्यावर टपरीवर कुणी तोंड उघडलेले आम्ही ऐकले नाही. म्हणून एकेक घेऊया.

अमेरिकेचा कर

अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असे एकूण ५० टक्के आयातशुल्क लावले. म्हणजे तेव्हा १०० रुपयांचा माल तिथे उतरला की तिथल्या आयात करणाऱ्याला ५० रुपये त्याच्या सरकारला भरावे लागत. कोळंबीवर याआधीचे वेगळे शुल्क होतेच, ते यावर आणखी. आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या इक्वेडोरला तेव्हा १५ टक्के आणि व्हिएतनामला २० टक्के होते. मग तो खरेदीदार कुणाकडे जाईल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

देशासाठी ही मोठी बातमी होती. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे १७ लाख टन समुद्री उत्पादने, ६२ हजार ४०० कोटी रुपयांची, परदेशात पाठवली. त्यातला किमतीने सगळ्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आणि सगळ्यात मोठे गिऱ्हाईक अमेरिका.

पण ही कोळंबी म्हणजे आपल्या ट्रॉलरला मिळणारी सुंगटे नव्हेत. ती बहुतेक सगळी तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई, आणि त्यातही सगळ्यात जास्त आंध्र प्रदेशातली. समुद्रात ट्रॉलने पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिका २०१९ पासून घेतच नाही. कारण काय, तर आपल्या जाळ्यांत कासव बाहेर पडायची चौकट नसते. तेव्हा लिलावात कुणी व्यापारी म्हणाला, 'अमेरिकेने कर लावला, म्हणून तुझ्या सुंगटांना आज कमी दर', तर त्याला शांतपणे विचारा की हा माल अमेरिकेला कधी जात होता?

मग आपला काहीच संबंध नाही का? आहे, पण मागच्या दाराने. तळ्यातला जो माल अमेरिकेला जाणार नाही तो दुसरीकडे वाट शोधेल, त्यातला काही देशातल्या बाजारातही येईल. आपल्या हॉटेलांच्या ताटात तो आधीपासून आहेच. तो स्वस्त झाला तर आपल्या सुंगटांना हॉटेलवाला दर पाडून मागेल. यावर उपाय एकच, आपला माल वेगळा दिसला पाहिजे. समुद्रातले ताजे, सकाळी उतरलेले, बर्फात नीट ठेवलेले नुस्ते आणि तीन दिवस पेटीत दबलेले नुस्ते यात फरक आपणच राखला नाही, तर गिऱ्हाईक तो कशाला करील? अमेरिकेचा कर आपल्या हातात नाही. पेटीत बर्फ किती घालायचा हे आहे.

कासवाच्या चौकटीचेही तेच. ती बसवली तर मासळी निसटते अशी तक्रार आपले तांडेल करतात, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. पण २०१९ पासून एक मोठा बाजार समुद्रातल्या कोळंबीला बंद आहे आणि त्यावर आपल्या जेटीवर धड चर्चाही नाही, हे बरोबर नाही. ५० टक्क्यांवर रोज भांडायचे आणि जिथे शंभर टक्के दार बंद आहे तिकडे बघायचेच नाही, असे आपले चालले आहे.

जीएसटी कमी झाला, मग डिझेल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. टपरीवर चर्चा मोटारसायकलची. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २८ वरून १८ टक्के झाले, हे खरे. मासळी वाहणाऱ्यांसाठी मालवाहू टेम्पोवरही २८ चे १८ झाले. गळ, दोर लावायची अवजारे अशा वस्तूंवर आणि प्रक्रिया केलेल्या मासळीवर १२ चे ५ टक्के झाले. ताज्या मासळीवर जीएसटी नव्हताच, आजही नाही.

आता आपल्या एका फेरीचा हिशोब मांडा. सगळ्यात मोठा खर्च कशाचा? डिझेलचा. त्यानंतर खलाशांचा पगार आणि रेशन, मग बर्फ. डिझेल आणि पेट्रोल जीएसटीमध्ये नाहीतच. त्यावर केंद्राचे अबकारी शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. म्हणून जीएसटी कितीही उतरला तरी ट्रॉलरच्या टाकीत पडणाऱ्या लिटरचा भाव त्याने उतरत नाही. 'सगळे स्वस्त झाले, मग मासळी का नाही' असे बाजारात कुणी आमच्या भगिनींना विचारले तर हे उत्तर पाठ असू द्या.

आपल्यासाठी खरी बातमी म्हणजे डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा वेळेवर मिळतो की नाही ही. त्यासाठी परवाना चालू लागतो, बोटीची कागदपत्रे लागतात, बिले जपून ठेवावी लागतात. जीएसटीची बातमी टीव्ही सांगेल. परताव्याची फाईल कुठे अडली हे टीव्ही सांगणार नाही, ते आपण विचारायचे.

उपग्रहाचे यंत्र

आता तंत्रज्ञानाची गोष्ट. एआय, रोबो, चिप यांची चर्चा रोज होते, पण आपल्या बोटीवर बसणारे यंत्र मात्र वादाचे झाले आहे. ते म्हणजे इस्रोने विकसित केलेला ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांनी या योजनेची सुरुवात केली. देशाच्या १३ किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख बोटींवर ही यंत्रे बसवायची आहेत, त्यासाठी ३६४ कोटी रुपये ठेवलेत आणि मच्छीमाराला ते फुकट द्यायचे आहे. मोबाईलची रेंज संपली तरी उपग्रहामार्फत किनाऱ्याला संदेश जातो आणि किनाऱ्याचा संदेश बोटीला येतो. वादळाची सूचना, मासळी कुठे मिळण्याची शक्यता, हद्दीजवळ गेल्याचा इशारा, आणि संकटात दाबायचे बटण. 'नभमित्र' नावाचे ॲप मोबाईलवर घेतले की संदेश वाचता येतात.

आपल्यातले कित्येक जण म्हणतात, नको रे बाबा. त्यांची कारणे आम्ही ऐकली आहेत. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीत.

पहिले कारण, सरकार आपल्यावर नजर ठेवील. बोट कुठे आहे हे नियंत्रण केंद्राला दिसेल, यात खोटे काही नाही. पण जी नजर बोट बंदीच्या जागेत शिरली हे बघेल, तीच नजर बोट बुडताना कुठे होती हेही सांगेल. एक हवी आणि दुसरी नको, असे यंत्र कुणी बनवू शकत नाही. मात्र ही माहिती कुणाला दिसणार, किती दिवस ठेवणार आणि दंडासाठी कशी वापरणार, हे आपण लेखी विचारले पाहिजे. यंत्र घ्यायचे आणि प्रश्नही विचारायचा. एकासाठी दुसरे सोडायची गरज नाही.

दुसरे कारण, आपली मासळीची जागा इतरांना कळेल. बापाने मुलाला दाखवलेली जागा असते, ती कुणाला कळू नये असे वाटणे साहजिक आहे. पण एआयएस यंत्राचे संदेश आसपासच्या जहाजांनाही मिळतात, तसे याचे नाही. याचा संदेश उपग्रहामार्फत केंद्राकडे जातो, बाजूच्या ट्रॉलरच्या तांडेलाकडे नाही.

तिसरे कारण, बिघडले तर दुरुस्त कोण करणार? हा प्रश्न आमच्याही मनात आहे. खाऱ्या वाऱ्यात कुठलेही यंत्र किती टिकते हे आपल्याला ठाऊक आहे. यंत्र बसवायला माणूस येतो, दुरुस्तीला येत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. म्हणून जेटीच्या जवळ दुरुस्तीची सोय हवी, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरायला हवी.

पण या तिन्ही कारणांच्या पलीकडे एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१७ अखेर ओखी वादळ आले तेव्हा केरळ आणि तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. किनाऱ्यावर इशारा निघाला, पण तो त्यांच्यापर्यंत पोचवायचा कसा? मोबाईल किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर मुका होतो. कित्येक घरांत माणूस परत आला नाही. काही बोटी वाऱ्यासोबत वर येत थेट देवगडला लागल्या. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीलाच 'शक्ती' वादळ अरबी समुद्रात उठले. ते आपल्यापासून लांब पश्चिमेकडे गेले, म्हणून आपण विसरलो. प्रत्येक वादळ लांबूनच जाईल असा कुणी शब्द दिलेला नाही.

बोट चुकली तर जेटीवर येऊन उभी राहते ती घरची बाई. ती विचारते, शेवटचा कुठे होता? त्याला 'असेल वीस-पंचवीस वावांत' हे उत्तर पुरत नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. यंत्र मिळत असेल तर घ्या, परवाना आणि नोंदणी चालू ठेवा, आणि निघण्यापूर्वी बोटीवर कोण कोण आहे त्याची यादी किनाऱ्यावर ठेवून जा. बटण दाबल्यावर मदत येईल, पण किती माणसे शोधायची हे यादीच सांगेल.

जे तंत्रज्ञान आपल्याच पोटावर आले

तंत्रज्ञान म्हटले की चांगलेच, असेही आम्ही म्हणत नाही. एलईडीचे उदाहरण समोर आहे. दिवा चांगला, वीज कमी खातो, घरोघरी आहे. तोच समुद्रात लावला की सगळीकडची मासळी, पिल्लांसकट, उजेडाला गोळा होते आणि एका जाळ्यात जाते. म्हणूनच केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये कृत्रिम दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली. बंदी कागदावर आहे. अंधाऱ्या रात्री समुद्राकडे बघणाऱ्याला बाकीचे सांगायला नको.

इथे बोटमालक आणि रापणकार यांच्यात भांडण लावायचा आमचा हेतू नाही. दोघेही आमचे सभासद. पण आज एकाने भरलेली बोट म्हणजे पुढच्या वर्षी दहा जणांची रिकामी फेरी असेल, तर तो फायदा कुणाचा? याच बाबतीत दुसरे तंत्रज्ञान बघा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाने समुद्राच्या पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य मोजते आणि मासळी कुठे असण्याची शक्यता आहे ते कळवते. आकाश ढगाळ असले तर ती माहिती मिळत नाही, आणि सांगितलेल्या जागी दरवेळी मासळी असेलच असेही नाही. पण तिने शोधाशोध कमी होते, डिझेल वाचते आणि समुद्राचे नुकसान होत नाही. दोन्ही नवीनच. एक विहीर उपसते, दुसरे पाणी कुठे आहे ते दाखवते.

पैसा: सोने, चार्ट आणि उचल

आता कोपऱ्यातल्या त्या दोन पोरांकडे येऊ. चार्ट बघतात त्याला फ्युचर्स आणि ऑप्शन्स म्हणतात. शेअर घेऊन ठेवणे वेगळे आणि हे वेगळे. यात भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे, तेही मुदतीत. आपल्या भाषेत सांगायचे तर, बोट सुटण्यापूर्वीच उद्या बांगड्याचा दर काय निघेल यावर पैज लावायची, आणि समोर पैज घेणारा असा की ज्याच्याकडे शंभर संगणक आहेत.

सेबीने स्वतः अभ्यास करून आकडे दिले आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यात, आणि तोटा १ लाख ५ हजार कोटी. शंभर होड्या गेल्या आणि नऊच मासळी घेऊन आल्या, तर त्या जागेवर आपण दुसऱ्या दिवशी जाळे टाकू का? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. ते खेळ बंद झाले म्हणून पोरे चार्टकडे वळू नयेत, एवढे घरच्यांनी बघावे. आकड्याचा मटका आपल्या किनाऱ्याने पुष्कळ बघितला आहे. चार्ट आहे म्हणून हा शहाण्यांचा खेळ, असे समजू नका.

सोन्याचा भाव एप्रिल २०२५ मध्ये पहिल्यांदा १० ग्रॅमला १ लाखावर गेला, आणि आता त्याहून बराच वर आहे. आपल्या घरांत सोने म्हणजे पावसाळ्यातली बँक. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोट ओढायची, रंग, जाळी, इंजिनाचे काम, पोरांची शाळा, सगळे एकदम येते. मग वहिनींच्या बांगड्या गहाण जातात. भाव वाढला म्हणून त्याच बांगड्यांवर आता जास्त कर्ज मिळते, याचा काहींना आनंद आहे. पण मिळाले म्हणून सगळे घेऊ नका. कर्ज मोठे झाले की व्याजही मोठे होते, आणि सोडवायला लागणारी मासळी समुद्रात वाढलेली नसते. जेवढी गरज, तेवढेच उचला.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोनेतारणाचे नवे नियम काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकेल. पण आपल्या कामाचे कलम दुसरेच आहे. कर्ज फेडल्यावर दागिने ७ कामाच्या दिवसांत परत दिले पाहिजेत. देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. हे कागदावर लिहून घरी ठेवा. 'उद्या या, साहेब नाहीत' हे ऐकून हात हलवत परत यायचे दिवस संपायला हवेत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उचल. हंगामाच्या तोंडावर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि वर्षभर माल त्यालाच घालायचा, ही आपली जुनी चाल. त्यावर व्याज नाही म्हणून ती स्वस्त वाटते. धरून चाला, दोन लाख उचल घेतली आणि त्यापायी किलोमागे १० रुपये कमी मिळाले. हंगामात २० टन माल घातला तर २ लाख रुपये गेले, आणि उचल फेडायची ती वेगळीच. व्यापारी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही, अडीअडचणीला तोच धावून येतो. पण उपकार आणि धंदा यांचा हिशोब वेगळा ठेवावा.

याला पर्याय किसान क्रेडिट कार्डाचा आहे. २०१८-१९ पासून हे कार्ड मच्छीमारांनाही मिळते. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांचा पगार यांसाठीच ते आहे. व्याज ७ टक्के, आणि वेळेवर फेडले तर ३ टक्क्यांची सूट मिळून ४ टक्के पडते. म्हणजे वर्षाला २ लाखांवर ८ हजार. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात व्याजसवलतीची मर्यादा ३ वरून ५ लाख करण्याची घोषणा झाली, ती सगळ्यांनी फॉरवर्ड केली. पण मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना पुढे चालू ठेवली तेव्हा केवळ मत्स्यव्यवसाय किंवा पशुपालनासाठी घेतलेल्या कर्जाला सवलत २ लाखांपर्यंतच, असे सांगितले गेले. म्हणून बँकेत जाऊन 'मला सवलत किती रकमेवर मिळणार' हे विचारून घ्या. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर बोट चालत नाही.

मासळी विकणाऱ्या आमच्या भगिनींसाठी एक चांगली बातमी आहे. टोपलीशेजारी क्यूआर कोड आता सगळीकडे दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात पहिल्यांदा २ हजार कोटींच्या वर गेले. फसवणारे 'पैसे पाठवतो' म्हणून उलट मागणीचा मेसेज पाठवायचे आणि बाई घाईत पिन दाबायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाकडे अशी मागणी पाठवायची सोय बंद केली आहे. तरीही एक नियम गाठीला बांधा. पैसे येताना पिन लागत नाही. कुणी पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

कारखाने आणि आपली पोरे

सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात बनलेली 'विक्रम' चिप पंतप्रधानांना भेट दिल्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला. इस्रोने मोहालीच्या प्रयोगशाळेसोबत ती रॉकेटांसाठी बनवली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण आपल्या होडीवरचे आऊटबोर्ड इंजिन बहुधा जपानी कंपनीचे, आणि त्याचा एक सुटा भाग मिळाला नाही तर ऐन हंगामात होडी आठवडाभर उलटी पडून राहते. देशात चिप बनते तर हे इंजिनही बनावे, ही मागणी आपल्यासारख्या लोकांनीच करायची. दुसरे कोण करणार?

२४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने जहाजबांधणीसाठी ६९ हजार ७२५ कोटींची योजना मंजूर केली. हा पैसा मोठ्या जहाजांसाठी आहे, आपल्या ट्रॉलरला त्यातून काही मिळणार असे समजू नका. पण जहाज बांधायला वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, रंगारी लागतात. वास्कोला गोवा शिपयार्ड १९५७ पासून आहे. आपली पोरे लहानपणापासून इंजिन उघडतात, फायबर मारतात, अंधारात दोर जोडतात. त्यांच्या हातात हुन्नर आहे, कागद नाही. आयटीआयचा एक कागद जोडला तर बंदीच्या दोन महिन्यांत काम मिळेल, आणि नंतर समुद्रावर जायचे की नाही हे तो स्वतः ठरवील. आज कित्येक घरांत पोरगा समुद्रावर जातो तो दुसरे काही मिळाले नाही म्हणून. तसे होऊ नये.

जी बातमी कुणी बोलत नाही

शेवटी एकच सांगतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, अपघातात दवाखान्याचा खर्च २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरते. मच्छीमाराच्या खिशातून एक पैसा जात नाही. पण नाव नोंदलेले असले तरच.

आता आपल्या बोटीवर बघा. खलाशी ओडिशाचा, झारखंडचा, कर्नाटकचा. समुद्रात पाय घसरला, दोर तुटून अंगावर आला, तर त्याच्या घरी काय पोचणार? मालकाने मनाने दिलेले दहा-वीस हजार आणि बोटीवरची पिशवी. त्याच्या गावातली बाई आपल्या जेटीवर येऊन विचारूही शकत नाही. ती आपली भाषा बोलत नाही. खलाशाचे नाव त्याच्या राज्यात किंवा इथे, जिथे नोंदता येईल तिथे नोंदवणे हे मालकाचे काम आहे असे आमचे ठाम मत आहे. कायदा काय म्हणतो तो भाग वेगळा. त्याच्या घामावर आपली बोट सुटते, म्हणून ते आपले काम.

अमेरिका कर लावील किंवा काढील. सोने वर जाईल, खाली येईल. त्यावर खुशाल बोला. पण या आठवड्यात बोटमालकांनी तीन कागद बघून घ्यावेत: परवान्याची तारीख, खलाशांची यादी आणि त्यातल्या किती जणांच्या नावे विमा आहे ते. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी लिलाव संपल्यावर कार्यालयात यावे. आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक सोबत आणावे. खलाशाला सोबत आणले तर फारच बरे.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. समुद्रावर जाताना आकाशाकडे बघून जा. देव बरे करो.

आपले,
सचिव व संचालक मंडळाच्या वतीने